स्वादुपिंडाचा कॅन्सर, जीनचा रिपोर्ट आणि ‘किती दिवस?’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मॉलिक्युलर पॅथॉलॉजीच्या, म्हणजे गाठीतले जीन (जनुकं) आणि प्रथिनं तपासणाऱ्या, लॅबमध्ये काम करते. पेशंट सहसा आमच्यापर्यंत येत नाही. येतो त्याच्या गाठीचा मेणात बसवलेला तुकडा, आणि पंधरा-वीस दिवसांनी रिपोर्ट घ्यायला घरातलं कुणीतरी. खिडकीशी उभं राहून ही माणसं जे विचारतात तेच प्रश्न इथे घेतले आहेत. खिडकीवर मागे रांग असते, म्हणून तिथे जेवढं बोलता येत नाही तेवढं इथे लिहिलं आहे. उपचाराचा निर्णय तुमच्या ऑन्कोलॉजिस्टबरोबरच घ्यायचा. त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं ते सुचावं, एवढ्यासाठी हे वाचा.

रिपोर्ट बघून पेशंटकडे किती वेळ आहे ते सांगता येतं का?

नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण बाकी सगळं वाचताना मनात हाच प्रश्न ठाण मांडून बसलेला असतो. रिपोर्टमधले मार्कर, म्हणजे जीनमध्ये किंवा प्रथिनांत सापडलेल्या खुणा, शे-दोनशे पेशंटांच्या गटाबद्दल काहीतरी सांगतात. अमुक बदल असलेला गट थोडा जास्त जगतो, तमुक असलेला थोडा कमी, इथपर्यंतच ते नेतात. तुमची आई त्या गटात नेमकी कुठे आहे, हे त्यांना दिसत नाही.

रिपोर्टचा खरा उपयोग दुसरीकडे आहे. कोणतं औषध लागू पडण्याची शक्यता जास्त, आणि रक्ताच्या नात्यातल्या कुणाला धोका आहे का, या दोन गोष्टी त्यातून कळू शकतात. माझा अनुभव असा की घरचे आयुष्याचा आकडा शोधत पानं उलटतात आणि या दोन ओळी तशाच राहून जातात.

रिपोर्टवर ‘केरास, ४२%’ लिहिलंय. म्हणजे कॅन्सर ४२ टक्के पसरला का?

हा प्रश्न मला लातूरहून रात्रभर प्रवास करून आलेल्या एका मुलाने विचारला होता. हातात प्लास्टिकच्या पिशवीत सीटीच्या फिल्म, आणि रिपोर्टवर त्या आकड्याखाली पेनाने दोन रेघा ओढलेल्या. “ताई, म्हणजे अजून अठ्ठावन्न टक्के चांगलं आहे ना?” मी त्याला आत बोलावून बसवलं.

केरास हे एका जीनचं नाव, आणि त्या आकड्याचा पसरण्याशी काही संबंध नाही. तपासणीत आम्ही त्या जीनची तीच जागा शेकडो वेळा वाचतो. वाचलेल्या शंभर प्रतींपैकी ४२ प्रतींमध्ये बदल सापडला, एवढाच त्याचा अर्थ. आता गंमत नाही, अडचण अशी की स्वादुपिंडाच्या गाठीत कॅन्सरच्या पेशी कमी आणि त्यांच्याभोवतीची घट्ट, तंतुमय ऊती जास्त असते. सुई जिथे घुसली तिथे कॅन्सरच्या पेशी दाटीने असतील तर आकडा मोठा येतो, विरळ असतील तर १० येतो. गाठ तीच, पेशंट तोच. या आकड्यावरून स्टेज ठरत नाही आणि आयुष्यही ठरत नाही.

या कॅन्सरमध्ये कोणते जीन बघतात?

स्वादुपिंडाच्या नेहमीच्या कॅन्सरमध्ये, म्हणजे डक्टल ॲडिनोकार्सिनोमामध्ये, चार नावं पुन्हा पुन्हा येतात. केरास ९० टक्क्यांहून अधिक गाठींमध्ये बदललेला असतो. दाराच्या बेलचं बटण आत अडकून बसावं आणि ती वाजतच राहावी, तसा हा जीन पेशीला ‘वाढ, वाढ’ असं सांगत राहतो. टीपी५३ हा बिघडलेल्या डीएनएची पेशी थांबवणारा. तो साधारण ७० टक्के गाठींत निकामी असतो. सीडीकेएन२ए पेशीच्या विभाजनाला लगाम घालतो. चौथा स्मॅड४, जो आजूबाजूच्या ऊतींकडून येणारा ‘पुरे आता’ हा संदेश पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचवतो. तो १९९६ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी याच कॅन्सरमध्ये शोधला. त्याचं पहिलं नाव डीपीसी४ होतं, आणि त्यातला अर्थ ‘स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये नाहीसा झालेला’ असा होता.

या चौघांशिवाय प्रत्येक गाठीत इतर कितीतरी बदल असतात. २००८ मध्ये २४ गाठींचे जीन सविस्तर वाचले गेले तेव्हा एका गाठीत सरासरी ६३ बदल सापडले. त्यातले बहुतेक एका पेशंटमध्ये आहेत आणि दुसऱ्यात नाहीत.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या. केरासचा बदल जवळपास सगळ्यांमध्येच असतो, म्हणून तो सापडला यावरून तुमचा पेशंट इतरांपेक्षा वेगळा ठरत नाही. ‘केरास पॉझिटिव्ह’ हे शब्द वाचून घाबरून जाऊ नका.

केरासमध्ये बदल सापडला नाही. ही चांगली बातमी आहे का?

हो, दोन अर्थांनी. ज्या थोड्या पेशंटांत केरास शाबूत असतो त्यांच्या गाठीत कॅन्सर दुसऱ्याच एखाद्या जीनमुळे चालत असतो, आणि त्यातल्या काहींवर थेट औषध आहे. म्हणून अशा रिपोर्टनंतर जीन एकमेकांना चिकटून होणारे बदल, म्हणजे फ्युजन, शोधायला सांगितलं जातं. एनटीआरके आणि एनआरजी१ ही त्यातली महत्त्वाची नावं.

दुसरा अर्थ आयुष्याचा. २०१८ मध्ये शस्त्रक्रिया झालेल्या ३५६ पेशंटांचा एक अमेरिकन अभ्यास आला. केरास बदललेल्या गटाचं मध्यक आयुर्मान २०.३ महिने होतं आणि न बदललेल्या गटाचं ३८.६ महिने. जवळजवळ दुप्पट. त्याच अभ्यासात, चारांपैकी जितके जास्त जीन बिघडलेले तितकं आयुर्मान कमी असंही दिसलं.

आता त्या आकड्यांच्या आत बघा. शाळेतल्या गणितात शिकलेला मध्यक म्हणजे सगळ्यांना ओळीने उभं केलं तर बरोबर मधला माणूस. पहिल्या गटातल्या मधल्या निम्म्या पेशंटांचं आयुर्मान ११.३ ते ३८.३ महिने या पट्ट्यात होतं. दुसऱ्या गटातल्या मधल्या निम्म्यांचं १६.६ ते ६३.१. हे दोन पट्टे कागदावर एकाखाली एक आखा, मी पुष्कळांना आखून दाखवते. १७ महिन्यांपासून ३८ महिन्यांपर्यंत ते एकमेकांवर चढलेले आहेत. ‘वाईट’ गटातला चौथा हिस्सा ३८ महिन्यांपुढे गेला, आणि ‘चांगल्या’ गटातला चौथा हिस्सा १७ महिन्यांच्या आत संपला. मार्कर खरा आहे, आणि तरीही एका माणसाबद्दल तो इतकं कमी सांगतो.

केरासमध्ये बदल कोणत्या प्रकारचा, यानेही थोडा फरक पडतो. सर्वांत जास्त आढळणारा जी१२डी हा जी१२आर पेक्षा जास्त आक्रमक असल्याचं मोठ्या अभ्यासांत दिसलं आहे.

‘स्मॅड४ लॉस’ म्हणजे काय? डॉक्टर म्हणाले पसरण्याचा धोका जास्त.

या तपासणीला जीन वाचावे लागत नाहीत. मेणाच्या ठोकळ्यातून केसाहून कितीतरी पातळ काप काढून काचेवर घ्यायचा आणि स्मॅड४ च्या प्रथिनाला चिकटणारा रंग द्यायचा. सूक्ष्मदर्शकाखाली प्रथिन असलेली केंद्रकं तपकिरी दिसतात, नसलेली फिकट निळी. स्मॅड४ गेलेल्या गाठीत फार स्पष्ट चित्र दिसतं: आजूबाजूच्या निरोगी ऊतीत तपकिरी ठिपके, आणि मधोमध कॅन्सरच्या नळ्यांचं सगळं कडं निळं. ते निरोगी तपकिरी ठिपके आम्हाला फार मोलाचे, कारण रंग नीट लागला होता याचा तो पुरावा असतो. तेच नसतील तर रिपोर्ट द्यायचा नाही, काच पुन्हा करायची.

साधारण निम्म्या गाठींमध्ये हा जीन निकामी असतो. २००९ मध्ये जॉन्स हॉपकिन्समधून आलेला एक अभ्यास मला या विषयातला सर्वांत धाडसी वाटतो. या आजाराने गेलेल्या ७६ पेशंटांच्या कुटुंबांनी मृत्यूनंतर लगेच शवविच्छेदनाला परवानगी दिली होती. त्यातल्या ३० टक्के पेशंटांत आजार मुख्यतः स्वादुपिंडाच्या जागीच वाढलेला होता, ७० टक्क्यांत तो दूरवर पसरला होता. आणि स्मॅड४ शाबूत आहे की नाही याचा या दोन वाटांशी संबंध सापडला: स्मॅड४ गेलेल्यांत दूर पसरण्याचं प्रमाण जास्त.

यावरून पुढे असं वाटलं होतं की स्मॅड४ शाबूत असेल तर रेडिएशन द्यावं आणि गेला असेल तर केमोवर भर द्यावा. कल्पना सुंदर आहे. पण नंतरच्या अभ्यासांचे निकाल एकसारखे आले नाहीत आणि ती नेहमीच्या उपचारात रुळली नाही. त्यामुळे ‘लॉस’ हा शब्द वाचून लगेच काही बदलायचं नसतं.

‘क्लासिकल’ आणि ‘बेसल-लाइक’ हे प्रकार काय आहेत?

इथे जीनमधला बदल बघत नाहीत, कोणते जीन किती जोरात चालू आहेत ते बघतात. २०११ पासून वेगवेगळ्या गटांनी तीन प्रकार, चार प्रकार अशी विभागणी केली. वाद बरेच झाले, पण दोन टोकं सगळ्यांच्या विभागणीत टिकली. क्लासिकल गाठ अजून थोडीफार स्वादुपिंडाची ओळख राखून असते आणि तिच्यात गाटा६ हा जीन चालू असतो. बेसल-लाइक गाठीने ती ओळख टाकून दिलेली असते आणि ती जास्त आक्रमक असते.

कॅनडातल्या कॉम्पास या अभ्यासात आजार पसरलेल्या पेशंटांमध्ये क्लासिकल गटाचं मध्यक आयुर्मान ९.३ महिने होतं, बेसल-लाइक गटाचं ५.९. फॉल्फिरिनॉक्स या केमोला बेसल-लाइक गाठींनी कमी दाद दिली. जीनच्या मार्करांमध्ये पुढेमागे रोजच्या वापरात येईल असं मला हेच वाटतं. मात्र एकाच गाठीत दोन्ही प्रकारच्या पेशी शेजारी शेजारी सापडतात आणि केमोच्या दडपणाखाली प्रकार बदलूही शकतो. आज बहुतेक ठिकाणी हा प्रकार बघून औषध ठरवत नाहीत. तुमच्या रिपोर्टमध्ये तो नसेल तर काही राहून गेलं असं समजू नका.

इंटरनेटवर वाचलं की सात जीनच्या ‘सिग्नेचर’ने आयुर्मान अचूक सांगता येतं. ती टेस्ट कुठे होते?

कुठेही होत नाही, आणि याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. माझ्या मते या सगळ्या विषयात सामान्य माणसाची सर्वांत जास्त दिशाभूल इथेच होते.

स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठी पाच जीन, नऊ जीन, पंधरा जीन अशा सिग्नेचर, म्हणजे काही जीन एकत्र बघून आयुर्मानाचं भाकीत करणारी सूत्रं, सांगणारे शोधनिबंध ढिगाने आहेत. त्यातले बरेचसे प्रयोगशाळेत एकही गाठ न हाताळता, सर्वांना खुल्या असलेल्या माहितीवर तयार होतात. त्या माहितीचा मोठा साठा म्हणजे अमेरिकेतला टीसीजीए हा प्रकल्प. त्याच्या स्वादुपिंडाच्या संचात १८५ नमुने होते. पॅथॉलॉजिस्टनी ते एकेक करून पुन्हा तपासले तेव्हा खऱ्या अर्थाने डक्टल ॲडिनोकार्सिनोमा होते १५०. बाकीच्यांत न्यूरोएंडोक्राइन गाठी, म्हणजे स्वादुपिंडातल्या हार्मोन बनवणाऱ्या पेशींचा वेगळाच आजार, होत्या आणि इतरही काही. न्यूरोएंडोक्राइन गाठीचे पेशंट मुळातच बरीच वर्षं जगतात. ते नमुने वगळले नाहीत तर संगणक प्रामाणिकपणे असे जीन शोधून काढतो जे ‘दीर्घायुष्य’ सांगतात. प्रत्यक्षात त्याने एवढंच ओळखलेलं असतं की ही गाठ दुसऱ्या आजाराची आहे. २०१७ मध्ये प्रकल्पाच्या मुख्य निबंधात १५० नमुनेच घेतले, तरी त्यानंतरही पूर्ण संच जसाच्या तसा वापरणारे निबंध येत राहिले.

दुसरी अडचण आणखी खोल आहे. माणसाच्या शरीरात सुमारे २०,००० जीन, आणि पेशंट दीडशे. इतक्या जीनमधून पाच-सात असे निवडणं, जे या दीडशे जणांना दोन गटांत विभागतील, मुळीच अवघड नाही. स्तनाच्या कॅन्सरबद्दल २०११ मध्ये एक डोळे उघडणारा अभ्यास झाला. छापून आलेल्या सिग्नेचरांशेजारी संशोधकांनी यदृच्छेने उचललेले जीन ठेवून बघितले. जेवणानंतर हसल्यावर रक्तपेशींत बदलणारे जीन घेतले, तर त्यांचाही स्तनाच्या कॅन्सरमधल्या आयुर्मानाशी ‘संबंध’ निघाला! वेगाने वाढणाऱ्या गाठीत एवढे जीन एकत्र वरखाली होत असतात की काहीही उचललं तरी थोडंफार भाकीत जमतं.

म्हणून अशी बातमी वाचली की दोन गोष्टी बघा. ज्या पेशंटांवर सूत्र बसवलं त्यांच्याखेरीज अगदी वेगळ्या हॉस्पिटलच्या पेशंटांवर ते तपासलं का? आणि स्टेज, लिम्फ नोड (गाठीजवळच्या लसिका ग्रंथी) यांवरून डॉक्टरांना जे आधीच कळतं त्यापेक्षा ते काही जास्त सांगतं का? स्तनाच्या कॅन्सरमध्ये २१ जीनची चाचणी या दोन्ही पायऱ्या चढून आली आणि केमो द्यायची की नाही ते ठरवायला ती वापरतात. स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठी तशी सर्वमान्य चाचणी आज नाही.

मग कोणत्या मार्करमुळे उपचार खरोखर बदलतो?

ब्राका१ आणि ब्राका२. स्तन आणि अंडाशयाच्या कॅन्सरमुळे ही नावं आता घराघरात पोचली आहेत. स्वादुपिंडाशी त्यांचं नातं मात्र फार थोड्यांना माहीत असतं. हे जीन तुटलेला डीएनए सांधतात. ते निकामी असलेली गाठ प्लॅटिनमवर्गातल्या औषधांपुढे लवकर नमते, आणि फॉल्फिरिनॉक्समधलं ऑक्झॅलिप्लॅटिन त्याच वर्गातलं. पाल्बी२ हा जीनही यांच्याच कामातला.

२०१९ मध्ये पोलो नावाच्या औषधाच्या चाचणीचे (क्लिनिकल ट्रायलचे) निकाल आले. ३,३१५ पेशंटांची तपासणी केली तेव्हा २४७ जणांत, म्हणजे ७.५ टक्क्यांत, जन्मजात ब्राका बदल सापडला. प्लॅटिनमच्या केमोवर आजार आटोक्यात राहिलेल्यांपैकी एका गटाला ओलापॅरिबच्या गोळ्या दिल्या आणि दुसऱ्याला औषध नसलेल्या, तेव्हा आजार पुन्हा वाढायला लागेपर्यंतचा काळ ३.८ वरून ७.४ महिन्यांवर गेला. एकूण आयुर्मानात दोन्ही गटांत ठळक फरक मात्र दिसला नाही. हे मी लपवत नाही, कारण या गोळ्या महाग आहेत आणि घर गहाण टाकण्याआधी घरच्यांना दोन्ही बाजू माहीत हव्यात. आजार थांबलेला असताना आठवड्या-दोन आठवड्यांनी केमोच्या खुर्चीत बसायचं की घरी गोळी घ्यायची, हा फरकही पेशंटसाठी लहान नसतो.

कुटुंबात कुणालाच कॅन्सर नव्हता. तरी वंशागत तपासणी कशाला?

कारण कुटुंबाचा इतिहास इथे फसवतो. २०१८ मध्ये ३,०३० पेशंटांवर झालेल्या अभ्यासात सहा जीनमध्ये जन्मजात बदल असणारे ५.५ टक्के निघाले. घरात स्वादुपिंडाच्या कॅन्सरचा इतिहास असलेल्यांत ते प्रमाण ७.९ टक्के होतं आणि नसलेल्यांत ५.२. फरक आहे, पण इतिहास नाही म्हणून तपासणी सोडून द्यावी इतका नाही. अमेरिकेतली मार्गदर्शक तत्त्वं २०१९ पासून या आजाराच्या प्रत्येक पेशंटला वंशागत तपासणी सुचवतात.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट होते. “आजी पोटाच्या दुखण्याने गेली” एवढंच ठाऊक असतं. मावश्या-आत्या दुसऱ्या घरी गेलेल्या, त्यांना काय झालं होतं ते कुणी नीट सांगत नाही. बदल वडिलांकडूनही येतो, हेही लक्षात राहत नाही.

ही तपासणी रक्तावर होते, गाठीवर नाही. बदल सापडला तर प्रत्येक अपत्यात आणि भावंडात तो असण्याची शक्यता निम्मी. बहिणीला किंवा मुलीला त्यामुळे स्तन आणि अंडाशयाची वेळेवर तपासणी करता येते, आणि इथे खरोखर जीव वाचतो. आमच्या खिडकीवर वडिलांचा रिपोर्ट घ्यायला आलेली एक ताई त्यातली ब्राका२ ची ओळ वाचून गप्प झाली, मग म्हणाली, “म्हणजे हा कागद माझाही आहे.” तिला मी जेनेटिक काउन्सेलरचा पत्ता दिला.

पेशंटला आजाराचं नाव सांगितलेलं नाही. तपासणी त्यांच्या नकळत होईल का?

वंशागत तपासणीला पेशंटची संमती लागते, आणि ती लागावीच. ‘अल्सर आहे’ असं सांगून ठेवलेल्या बाबांकडून त्या फॉर्मवर सही कशी घेणार? अशा घरांबद्दल मला राग नाही. जिव्हाळ्यापोटीच हे होतं. पण बहुतेक पेशंटांना कळलेलंच असतं. केमोच्या वॉर्डात बाजूच्या खुर्चीवरचा माणूस काय बोलतो ते त्यांना ऐकू येतं. डॉक्टरांच्या किंवा काउन्सेलरच्या मदतीने, निदान आजाराचं नाव सांगा. आकडे सांगितलेच पाहिजेत असं नाही, ते विचारतील तेवढेच सांगा.

एक मार्कर ‘जेमसिटाबिन लागू पडेल का’ ते सांगतो म्हणे?

एचईएनटी१. जेमसिटाबिन हे केमोचं औषध पेशीच्या आत शिरतं ते याच प्रथिनाच्या दारातून. शस्त्रक्रियेनंतर केमो घेतलेल्यांच्या एस्पॅक-३ या युरोपीय चाचणीत, जेमसिटाबिन घेणाऱ्यांपैकी हे दार भरपूर असलेल्यांचं मध्यक आयुर्मान २६.२ महिने होतं आणि कमी असलेल्यांचं १७.१. पण आजार पसरलेल्या पेशंटांवर मुद्दाम आखलेल्या दुसऱ्या चाचणीत हा फरक दिसलाच नाही. दोन्ही ठिकाणी प्रथिन ओळखायला वापरलेली अँटिबॉडी वेगळी होती, आणि पेशंटांची अवस्थाही वेगळी. मार्कर म्हणजे फक्त जीन नसतो. तो कशाने मोजला आणि कुणात मोजला, हेही त्याचाच भाग असतं.

बाकी दुर्मीळ मार्कर?

थोडक्यात सांगते. मायक्रोसॅटेलाइट अस्थिरता, म्हणजे डीएनएची नक्कल होताना झालेल्या चुका दुरुस्त न होता साचत जाणं, साधारण एक टक्का गाठींत. अशांना इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारी औषधं) देता येते, इतरांना तिचा सहसा उपयोग होत नाही. केरास जी१२सी एक-दोन टक्क्यांत. त्यावर गोळ्या आहेत. एनआरजी१ फ्युजनवरच्या औषधाला अमेरिकेत २०२४ च्या डिसेंबरमध्ये मान्यता मिळाली. जी१२डी वरची आणि सगळ्या प्रकारच्या केरासवरची औषधं चाचण्यांमध्ये आहेत, आणि या आजारात कित्येक वर्षांनी मला खरी आशा वाटते ती त्यांच्याबद्दल.

रक्तातून हे सगळं कळत नाही का?

गाठीच्या डीएनएचे तुकडे रक्तात तरंगतात. शस्त्रक्रियेनंतरही ते सापडत राहिले तर आजार लवकर पुन्हा डोकं वर काढण्याची शक्यता जास्त असते. पण गाठ लहान आणि जागच्या जागी असताना ते पुष्कळदा सापडतच नाहीत, म्हणून ‘नाही’ या उत्तरावर विसंबता येत नाही.

सीए १९-९ ही जुनी रक्ततपासणी तुमची झालीच असेल. तिच्यामागेही एक जीन लपलेला आहे. साधारण ५ ते १० टक्के लोकांच्या शरीरात एफयूटी३ या जीनच्या ठेवणीमुळे हा पदार्थ तयारच होत नाही. त्यांचा आकडा शेवटपर्यंत ‘नॉर्मल’ येऊ शकतो. उलट कावीळ असेल तर तो कॅन्सर नसतानाही चढतो. पित्तनळीत स्टेंट (बारीक नळी) टाकून कावीळ उतरल्यावर पुन्हा मोजलेला आकडा खरा धरायचा.

स्टीव्ह जॉब्ज आठ वर्षं जगले, मनोहर पर्रीकर साधारण वर्षभरात गेले. असा फरक का?

जॉब्ज यांचा आजार वेगळा होता. त्यांची गाठ न्यूरोएंडोक्राइन होती. निदान २००३ चं, मृत्यू २०११ चा. त्या गाठींत केरास सहसा शाबूत असतो आणि एमईएन१, डॅक्स, एटीआरएक्स हे जीन बघितले जातात. पर्रीकरांच्या स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं निदान फेब्रुवारी २०१८ मधलं, आणि १७ मार्च २०१९ ला ते गेले. गोव्यात आणि महाराष्ट्रात या आजाराचं नाव पुष्कळांना तेव्हाच कळलं. तुमच्या बायोप्सीच्या रिपोर्टवर ‘ॲडिनोकार्सिनोमा’ आहे की ‘न्यूरोएंडोक्राइन’, हा एक शब्द कोणत्याही जीनच्या मार्करपेक्षा जास्त सांगतो. तो आधी वाचा.

आम्ही उशीर केला का? वेळेवर आलो असतो तर?

हा प्रश्न विचारताना माणसं मान खाली घालतात. २०१० मध्ये सात पेशंटांच्या गाठींतले बदल मोजून संशोधकांनी कालक्रम मांडला. पहिल्या बदलापासून कॅन्सरची मूळ पेशी तयार व्हायला किमान दहा वर्षं, तिला पसरण्याची क्षमता यायला निदान आणखी पाच, आणि तिथून मृत्यूपर्यंत सरासरी दोन. पोटात दुखतंय, वजन उतरतंय, डोळे पिवळे झालेत, हे त्या शेवटच्या काळातलं असतं. त्याआधीच्या वर्षांत माणूस शेतावर, ऑफिसात, लग्नकार्यात धडधाकट वावरत असतो, आणि सर्वसामान्य माणसाला त्या काळात पकडेल अशी तपासणी आज नाही. ॲसिडिटीच्या गोळ्यांवर दोन महिने काढले म्हणून तुमच्या हातून माणूस गेला, असं स्वतःला सांगू नका.

जीनपेक्षा आयुर्मान कशावर जास्त ठरतं?

स्टेज. शस्त्रक्रिया शक्य आहे का, काढलेल्या भागाच्या कडा कॅन्सरपासून स्वच्छ आल्या का, किती लिम्फ नोडमध्ये आजार होता. आणि पेशंटची ताकद. शस्त्रक्रियेनंतर सुधारित फॉल्फिरिनॉक्स सोसणाऱ्या पेशंटांचं मध्यक आयुर्मान २०१८ च्या एका फ्रेंच-कॅनेडियन चाचणीत ५४.४ महिने आलं, जेमसिटाबिनवरच्यांचं ३५. एस्पॅक-३ मध्ये केमोची सगळी आवर्तनं पूर्ण करणाऱ्यांचा निकाल अर्धवट सोडणाऱ्यांपेक्षा चांगला होता. म्हणून वजन टिकवणं, जेवणाबरोबर एन्झाइमच्या कॅप्सूल घेणं, साखर सांभाळणं, ताप आला की त्याच रात्री हॉस्पिटल गाठणं, या गोष्टींना दुय्यम समजू नका.

जाता जाता दोन जीन, ज्यांचा संबंध गाठीशी नसून केमो सोसण्याशी आहे: डीपीवायडी आणि यूजीटी१ए१. यांच्यात काही विशिष्ट बदल असतील तर ५-एफयू किंवा इरिनोटेकन हे केमोचं औषध अंगावर जोरात येतं. केमो सुरू होण्याआधी ही तपासणी हवी का, ते जरूर विचारा.

‘टिश्यू अपुरा’ असा शेरा आला. आता?

फार वेळा येतो. एंडोस्कोपीतून बारीक सुईने घेतलेल्या नमुन्यात पेशी मोजक्या असतात आणि निदानाच्या रंगांमध्येच त्या संपतात. पुन्हा बायोप्सी करायची की रक्तावर भागवायचं, हे डॉक्टर ठरवतील. बायोप्सी व्हायचीच असेल तर आधीच सांगून ठेवा की पुढे जीनची तपासणी करायची आहे. मग जाड सुई वापरून एखादा तुकडा जास्त घेता येतो का, ते बघतात. वंशागत ब्राकासाठी मात्र थांबायची गरज नाही, ती साध्या रक्तावर होते.

ब्लॉक (गाठीच्या तुकड्याचा मेणाचा ठोकळा) परत मिळाला आहे. तो कुठे ठेवायचा?

सावलीत, कोरड्या जागी, मूळ डबीत. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर नको, मेण वितळतं. देवघरात ठेवलेलेही मी पाहिले आहेत. समई दूर असेल तर तिथेही चालेल. डबीवरचा नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर एकच आहे ना, ते घेतानाच तपासा. हॉस्पिटल बदललंत तर ब्लॉक मागून घ्या आणि कोणाला, कोणत्या तारखेला दिला ते फाइलच्या आतल्या पानावर लिहून ठेवा. नवीन औषधाच्या चाचणीत नाव घालायची वेळ आली की सगळ्यात आधी तोच मागतात.